घरातला कामाचा बाक

फळी कापताना ती हलली, तर करवत कितीही धारदार असली तरी काप तिरका जातो. त्यामुळे घरगुती कामाच्या बाकाकडे, म्हणजे बाजारात ज्याला 'वर्कबेंच' म्हणतात त्या भक्कम टेबलाकडे, सामान मांडण्याची जागा म्हणून पाहण्याआधी काम घट्ट धरून ठेवणारे साधन म्हणून पाहणे आवश्यक ठरते. हे ध्यानात न घेता केलेले बाक थोड्याच दिवसांत रद्दी, रंगाचे रिकामे डबे आणि बिघडलेला मिक्सर यांच्या स्वाधीन होतात.

महाराष्ट्रातील पारंपरिक सुतार अंगणात जमिनीवर बसून काम करी आणि लाकूड दोन पावलांमध्ये किंवा तळव्याखाली दाबून धरी, त्यामुळे त्याला निराळ्या शेगड्याची, म्हणजे दोन जबड्यांमध्ये वस्तू आवळून धरणाऱ्या 'वाइस'ची, फारशी गरज पडत नसे. या बैठकीला मागासलेली समजण्याचे काही कारण नाही. मात्र तिला लहानपणापासून वळण लागलेले गुडघे लागतात, आणि आठवडाभर खुर्चीवर बसून रविवारी करवत हाती घेणाऱ्याकडे ते नसल्यामुळे त्याच्या पावलांचे काम बाकाला करावे लागते. युरोपातील सुतार उभ्याने काम करीत आला, म्हणून तेथे बाकाचे शास्त्र फार पूर्वी बांधले गेले. फ्रेंच सुतार आंद्रे-जाकोब रुबो याने १७६९ पासून प्रसिद्ध केलेल्या सुतारकामावरील ग्रंथात जो बाक वर्णिला आहे, त्याची वरची फळी पाच ते सहा इंच जाडीची असून तिच्या छिद्रांत एक वाकडा लोखंडी आकडा अडकवतात, जो हातोडीच्या एका ठोक्याने काम जखडतो आणि मागून मारलेल्या ठोक्याने सुटतो.

एवढे जाड लाकूड आज परवडणारे नाही, पण त्याची गरजही नाही. आठ फूट बाय चार फुटांच्या १८ मिलिमीटर जाडीच्या एका प्लायवुडमधून चार फूट बाय दोन फुटांचे चार तुकडे निघतात. त्यांपैकी दोन एकमेकांना चिकटवले की ३६ मिलिमीटरची वरची फळी होते, तिसरा खालच्या कप्प्याला लागतो आणि चौथा पाठीला ठोकता येतो. पाठीच्या या तुकड्याला शोभेची वस्तू समजून वगळणे ही नवशिक्याची नेहमीची चूक होय. चार पट्ट्यांची चौकट कोपऱ्यांवर ढकलली की तिरपी होते, त्रिकोण मात्र बाजू मोडल्याखेरीज आकार बदलत नाही, आणि सलग पाठ किंवा एक कर्णरेषेतील पट्टी चौकटीला हाच त्रिकोणाचा गुण देते. रंधा मारताना बाक आडवा डोलतो तो बहुधा याच उणिवेमुळे. त्यानंतरही तो सरकत असेल, तर खालच्या कप्प्यात वाळूचे एक पोते ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

उंची मापाच्या पुस्तकातून न घेता करणाऱ्याच्या शरीरावरून घ्यावी. सरळ उभे राहून हात मोकळे सोडले असता मनगटाची घडी जमिनीपासून जेवढ्या उंचीवर येते, तेवढी उंची रंध्याला आणि करवतीला मानवते. डाख देणे किंवा घड्याळ उघडणे यांसारख्या बारीक कामाला मात्र बाक कोपरापर्यंत हवा, कारण तेथे जोरापेक्षा नजर अधिक लागते. शेगडा पायाच्या लगत बसवावा. फळीच्या मध्यभागी बसवला तर ठोक्यागणिक फळी उसळते.

ज्यांच्या घरात बाकाला कायमची जागा नाही, त्यांच्यासाठी दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या रॉन हिकमन या मोटारींच्या आरेखनकाराने घडीचा बाक शोधला. खुर्चीचा बाक म्हणून वापर करताना करवत खुर्चीतच शिरली आणि त्यातून ही कल्पना त्याला सुचली. ब्लॅक अँड डेकर कंपनीने 'वर्कमेट' या नावाने १९७३ पासून त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन केले. त्याच्या वरच्या दोन फळ्याच शेगड्याचे जबडे होतात आणि खालच्या पायरीवर पाऊल ठेवले की माणसाच्या वजनाने तो स्थिर राहतो, म्हणजे अंगणातल्या सुताराचे पाऊल येथे निराळ्या वाटेने परत आलेले दिसते.

हत्यारांच्या रचनेसाठी मराठी स्वयंपाकघरातील मांडणी हा उत्तम नमुना आहे, कारण तिच्यात ताट, वाटी, कप यांना ठरलेली जागा असते आणि रिकामी जागाच काय हरवले ते सांगते. बाकामागील भिंतीवर पटाशी, गुण्या, पक्कड यांची बाह्यरेषा रंगवून खिळे ठोकले की तोच परिणाम साधतो. रोजची हत्यारे हाताच्या टप्प्यात असावीत आणि कानशीचा लोखंडी कीस लाकूडकामापासून दूर ठेवावा, कारण बाभळीसारख्या टॅनिनयुक्त लाकडावर ओलाव्यात त्याचे काळे डाग पडतात. कोकणातल्या दमट हवेत पोलादी पात्यांना तेलाचे बोट न फिरवणे म्हणजे गंजाला आमंत्रण होय.

लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते व आकसते, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून बाकाच्या पायांसाठी वखारीतून लाकूड आणायचे असेल, तर ते पावसाळ्यात न आणता दिवाळीनंतर आणावे आणि काही आठवडे घरात सावलीला ठेवावे. ओल्या लाकडात कोरलेल्या साळीत, म्हणजे सांध्याच्या खाचेत, घट्ट बसलेले कुसू, म्हणजे तिच्यात शिरणारे टोक, उन्हाळ्यापर्यंत ढिले पडते.