अकरा अक्षरांच्या जागी बारा

आज एका अशा चिन्हाबद्दल बोलायचंय, जे स्क्रीनवर दिसत नाही, पण एखाद्याची मजुरी अडकवू शकतं.

उदाहरण आपल्याच भागातलं घेऊ. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. चंद्रपूरच्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला 2012 मध्ये हक्क मिळाला. पुढे अनेक ग्रामसभा तेंदूपानांची विक्रीही स्वतः करू लागल्या. हक्क आला तसा हिशोबही गावाकडे आला. कुणी किती पुडे आणले, मजुरी किती, कोणत्या खात्यात टाकायची, हे सगळं लिहायचं काम मोबाइल-संगणक येणाऱ्या पोरापोरींवर येतं.

आता समजा, एका गावाचे दोन टोले आहेत. एका टोल्याची यादी मुलीनं फोनवर केली. दुसऱ्या टोल्याची मुलानं तालुक्याला जाऊन विंडोजच्या संगणकावर केली. दोन्ही सीएसव्ही फाइली, रकाने तेच: नाव, खाते क्रमांक, शेवटी बँकेचा आयएफएससी कोड. कुणीतरी दोन्ही याद्या एकत्र करून एका छोट्या प्रोग्रामला तपासायला दिल्या. पहिल्या टोल्याचे सगळे कोड जुळले. दुसऱ्याचा एकही जुळला नाही! डोळ्यांनी बघितलं तर अक्षर न् अक्षर बरोबर. मग सुरू होतं, 'आमच्याच टोल्याचं कसं काय अडलं?'

चूक कुणाचीच नाही. गोष्ट जुनी आहे.

तुमच्या घरात कुणी टाइपरायटरवर टायपिंगची परीक्षा दिली असेल तर त्यांना विचारा. ओळ संपली की दोन गोष्टी व्हायच्या: गाडी पुन्हा ओळीच्या सुरुवातीला यायची आणि कागद एक ओळ वर सरकायचा. टेलिप्रिंटरवर या दोन कामांना दोन वेगळी चिन्हं होती, कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड. संगणकाच्या आस्की तक्त्यात पहिल्याचा नंबर 13, दुसऱ्याचा 10.

पुढे कागद गेला, गाडी गेली, चिन्हं राहिली. युनिक्सवाल्यांनी ठरवलं की ओळ संपवायला एकटा 10 पुरे. लिनक्सनं तेच घेतलं, आणि अँड्रॉइड लिनक्सवर उभा आहे, म्हणून तुमच्या फोनवरही बहुधा 10च. डॉसनं 13 आणि 10 ही जोडी ठेवली, विंडोजकडे ती वारशानं आली. ॲपलच्या जुन्या मॅकवर तर एकटा 13 चालायचा. 2001 मध्ये मॅक ओएस टेन आल्यावर तेही 10 वर आले.

आता आपल्या यादीकडे या. प्रोग्रामनं प्रत्येक ओळ 10 वर तोडली. विंडोजच्या ओळीतला 13 मागे उरला आणि शेवटच्या रकान्याला चिकटला. आयएफएससी कोड 11 अक्षरांचा असतो, इथं झाला 12 चा. बारावं दिसत नाही, पण तुलना करताना संगणक ते मोजतो.

उलटंही होतं. विंडोजच्या नोटपॅडला 2018 पर्यंत एकटा 10 कळतच नव्हता. फोनवरची यादी जुन्या संगणकावर उघडली की सगळी नावं एकाच लांबलचक ओळीत दिसायची.

उपाय सोपा आहे. एक, डोळ्यांवर विसंबू नका, लांबी मोजा. 11 च्या जागी 12 आले की समजा, शेपटी चिकटली. दोन, नोटपॅड प्लस प्लस किंवा व्हीएस कोडमध्ये फाइल उघडा. खाली उजव्या कोपऱ्यात 'सीआरएलएफ' की 'एलएफ' ते लिहिलेलं असतं, तिथूनच बदलता येतं. टर्मक्स किंवा लिनक्स वापरत असाल तर 'डॉस टू युनिक्स' नावाची आज्ञा हेच काम करते. तीन, याद्या जोडण्याआधी सगळ्या एकाच पद्धतीत आणा, नंतर नाही. आणि मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवा. हो, हा बदल फक्त मजकुराच्या फाइलींवर करायचा. फोटो किंवा पीडीएफमध्ये 13 आणि 10 चा अर्थ वेगळा असतो, तिथं हात लावलात तर फाइल खराब होईल.

प्रोग्राम स्वतः लिहिणाऱ्यांनो, प्रत्येक रकान्याच्या कडेची मोकळी जागा आणि असली चिन्हं आधी झाडून टाका. एका ओळीचं काम आहे.

उन्हातान्हात पानं तोडणाऱ्या माणसाला 13 आणि 10 ठाऊक असायची गरज नाही. त्याची यादी करणाऱ्याला मात्र आहे. कारण पैसे अडले की संशय आधी माणसावर येतो, फाइलवर नाही. पुढच्या वेळी यादी जुळली नाही, तर कुणाला बोलण्याआधी ओळीचं शेवटचं टोक तपासा.