भयाच्या दिवसांतली शांती



मृग कोरडा गेला आणि आर्द्राही तशाच सरू लागल्या, की आमच्या मालेगावाकडच्या घराघरांत एक प्रकारचा अबोला येतो. उगवून आलेल्या सोयाबीनने मान टाकलेली असते. दुबार पेरणीला बियाणे कुठून आणायचे, सोसायटीचे कर्ज कसे फेडायचे, हे मोठ्याने कुणी बोलत नाही. पण चुलीपाशी बसलेल्या पोराला ते कळते. दुसऱ्या दिवशी शाळेत ते नुसतेच फळ्याकडे बघत बसते. शिक्षक मंडळींना हे मी नव्याने सांगायला नको. आणि भीती काही पावसाचीच असते असे नाही. 2020 आणि 2021 साली करोनाच्या साथीत शेजाऱ्याच्या दाराशी जायलाही आपण भ्यालो होतो, आठवते ना?

अशा दिवसांत मनाला शांती मिळते का, आणि मिळते ती कशी, एवढाच आजचा विषय. या प्रश्नाला उत्तरे पुष्कळ आहेत. कुणी आषाढीला पंढरीची वाट धरतो, कुणी आपल्याच तालुक्यातल्या शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथापुढे हात जोडतो. आज मी ख्रिस्ती श्रद्धेच्या वाटेने गेलेल्या एका बाईंची हकीकत सांगणार आहे. कुणी आपला धर्म बदलावा म्हणून नव्हे, तर भीती ज्यांनी पोटभर भोगली त्यांचा अनुभव ऐकावा म्हणून. या बाई म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म 1858 सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. मुलीबाळींना संस्कृत शिकवणारे. पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरणारे हे कुटुंब दक्षिणेत दुष्काळात सापडले. होते ते विकले, मग पाने आणि रानफळे खाऊन दिवस काढले. लेकरांची उपासमार पाहवेना, तेव्हा म्हाताऱ्या अनंतशास्त्र्यांनी जलसमाधी घेण्याचे ठरवले. त्या वेळी त्यांचा मुलगा श्रीनिवास पुढे झाला. विद्वानाच्या घरचा हा मुलगा. पण मोलमजुरी करीन, जातीचा अभिमान सोडीन, तुम्ही मात्र जीव देऊ नका, अशी त्याने वडिलांना गळ घातली. आपल्या वऱ्हाडात कर्जापायी किती घरांचे कर्ते पुरुष गेले, ते आपण जाणतो. म्हणून श्रीनिवासाची ही गोष्ट मला मुद्दाम सांगावीशी वाटते. घरातल्या एकाने तोंड उघडले, मी आहे असे म्हटले, आणि त्या दिवशीचे मरण टळले.

पुढे थोड्या थोड्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण अशी तिघेही गेली. उरली ती बहीणभावंडे उत्तरेकडे चालत निघाली. झेलमच्या काठी थंडी इतकी, की पांघरायला काही नाही म्हणून दोघांनी वाळूत कबरीसारखे खड्डे खणले आणि गळ्यापर्यंत वाळू ओढून घेऊन रात्र काढली. 1878 साली ती कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या पंडितांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरविले. पण दैवाचे फेरे संपले नव्हते. 1880 साली भाऊ गेला आणि 1882 साली पती बिपिनबिहारी मेधावी. पदरात मनोरमा ही तान्ही मुलगी.

1883 साली रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि तिथे वाँटेज गावी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आता तुम्ही म्हणाल, मग त्यांना शांती मिळाली असेल. नाही, इतके ते सोपे नव्हते. त्यांनी स्वतःच पुढे मोकळेपणाने लिहून ठेवले आहे, की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षे मन अस्वस्थच होते. धर्म पटला होता, पण मनाला विसावा नव्हता. 1889 साली मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदासदन काढले, ते पुढे पुण्यास नेले, नावलौकिक झाला. तरी आतली तळमळ गेली नाही. बाप्तिस्म्याला आठएक वर्षे लोटल्यावर, 1891 च्या सुमारास, त्यांना उमगले, की आपण धर्म हाती धरला, पण ज्याच्यावर विसंबायचे त्याच्यावर विसंबलोच नाही. आहोत तसे त्यांनी स्वतःला ख्रिस्ताच्या हवाली केले आणि मन निवले.

शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. येशू आणि त्याचे शिष्य नावेतून सरोवर ओलांडत असतात. वादळ उठते, लाटा नावेत शिरतात, शिष्य घाबरून ओरडू लागतात. येशू मात्र नावेच्या मागच्या बाजूला उशीवर डोके ठेवून झोपलेला असतो. मग तो उठतो आणि वारा शांत होतो. आपले लक्ष वारा थांबला याच्याकडे जाते. पण बघा, वादळ चालू असतानाच त्या नावेत एक जण स्वस्थ होता. ख्रिस्ती माणूस शांती म्हणतो ती ही. संकट टळल्यावरचा सुटकेचा श्वास निराळा आणि ही निराळी.

रमाबाईंची कसोटी लवकरच लागली. 1896-97 साली मध्यप्रांतात भीषण दुष्काळ पडला. बातम्या वाचताना त्यांना आपले लहानपण आठवले. हाताशी पैसा नव्हता, तरी त्या निघाल्या. हाडांचे सापळे झालेल्या पोरक्या मुलींत त्यांना पूर्वीची रमाच दिसली असेल. अशा सुमारे तीनशे मुली-बायका त्यांनी आणल्या. तेवढ्यात पुण्यात प्लेग पसरला. एवढी माणसे शहरात ठेवायला परवानगी मिळेना. तेव्हा त्यांनी केडगावच्या आपल्या शेतावर या मुलींना नेले, आणि तिथे मुक्तिसदन उभे राहिले. 1900 सालच्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथल्या मुली-बायकांची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. शेती, विणकाम, छापखाना, सगळे त्याच चालवीत.

शांती मिळालेले माणूस डोळे मिटून कोपऱ्यात बसते, अशी आपली समजूत असते. ही बाई तर भीती जिथे सर्वांत दाट होती तिथे चालत गेली. 1921 साली त्यांची एकुलती एक मनोरमा वारली. आईचे दुःख काय सांगावे! तरीही साध्यासुध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर करण्याचे काम त्यांनी हातचे सोडले नाही. 1922 च्या एप्रिलात त्यांनी देह ठेवला.

आपल्याजवळही या श्रद्धेची खूण आहे. वाशीमला 1938 साली डॉ. ओर्फा स्पायशर या अमेरिकन मिशनरी बाईंनी रुग्णालय सुरू केले. परक्या मुलखात, परक्या भाषेत, खाटेवरच्या माणसाची भीती कमी करायची, हेही त्याच वाटेवरचे काम.

मग आपण काय करावे? तुमची श्रद्धा कोणतीही असो, वादळाची वाट न पाहता चांगल्या दिवसांतच रोज थोडा वेळ प्रार्थनेला द्यावा. भीती वाटली तर एकट्याने उराशी धरून बसू नये. घरात बोलावी, शेजाऱ्याला सांगावी. आणि शिक्षकांनो, फळ्याकडे नुसते बघत बसलेले ते पोर आहे ना, त्याला मधल्या सुट्टीत जवळ बोलवा. शक्य तर संध्याकाळी त्याच्या घरी चक्कर टाका. तुमच्याजवळ द्यायला पैसा नसेल. पण ‘मी आहे’ एवढे म्हणणारे कुणीतरी त्या ओसरीवर येऊन बसले पाहिजे.