मेंदूवरचं चुंबक आणि उत्तेजकांची नशा

एप्रिल २०१६ मध्ये सोलापूरजवळच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीत ठाणे पोलिसांनी एफेड्रिनचा टनावारी साठा पकडला. यापासून मेथॅम्फेटामाइन हे उत्तेजक बनतं. साठ्यांच्या बातम्या होतात, पण या उत्तेजकाच्या आहारी गेलेल्या माणसाच्या उपचारांची चर्चा होत नाही. दारू किंवा अफूच्या व्यसनावर मान्यताप्राप्त औषधं आहेत; मेथॅम्फेटामाइन आणि कोकेनवर असं खास औषध अजून नाही. म्हणूनच चुंबकीय उपचाराकडे गांभीर्याने पाहायला हवं. त्यात डोक्याच्या पुढच्या भागावर, बहुधा डावीकडे, तारेचं वेटोळं टेकवतात. टकटक आवाज होतो, टाळूवर टिचक्या बसल्यासारखं वाटतं. भूल लागत नाही. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे मेंदूत सूक्ष्म वीजप्रवाह उमटतो आणि मोहाला आवर घालणाऱ्या भागाला चालना मिळते.

इटलीत ३२ कोकेनग्रस्तांवर झालेला या उपचाराचा प्राथमिक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नशेची ओढ घटल्याचं दिसलं. पण रुग्ण मोजके, शिवाय आपल्याला कोणता उपचार मिळतोय हे त्यांना ठाऊक होतं, हा आक्षेप रास्तच आहे. त्यावरचं उत्तर म्हणजे नकली वेटोळ्याशी तुलना करणाऱ्या मोठ्या चाचण्या. अमेरिकेने हे तंत्र नैराश्यासाठी २००८ मध्ये आणि धूम्रपान सोडण्यासाठी २०२० मध्ये मान्य केलं, कोकेन-मेथॅम्फेटामाइनसाठी नाही. क्वचित झटका येऊ शकतो, म्हणून अपस्मार किंवा डोक्यात धातू असेल तर डॉक्टरांना आधी सांगाच. हमखास गुण येईल म्हणून कुणी पैसे मागितले, तर देऊ नका. समुपदेशन मात्र आजच सुरू करा. राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनीचा निःशुल्क क्रमांक आहे १४४४६.