पालकांची बदली होत नसते

जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत एक पद रिक्त राहिले की चारही इयत्ता उरलेल्या गुरुजींच्या गळ्यात पडतात. आणि पालकांचा रोषही त्यांच्यावरच! वस्तुतः २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळेतील मंजूर पदांपैकी १० टक्क्यांहून अधिक पदे रिक्त ठेवता येत नाहीत. द्विशिक्षकी शाळेत याचा अर्थ, एकही नाही. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असावेत असे ठरविले. पण हे पालक (सभेला आलेच तर) सही करून परततात. शिक्षकाने तक्रार केली तर बदलीची धास्ती. पालकाची बदली कोणते सरकार करणार? तेव्हा रिक्त पदाचा ठराव पालकांनीच मांडावा, शाळा विकास आराखड्यात नोंदवावा आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीतून लेखी उत्तर घेतल्याविना उठू नये.