आईचा चेहरा लाकडात

आई गेली तेव्हा घरात तिचा एकही धड फोटो नव्हता. म्हणून मी पटाशी हातात घेतली. पहिला चेहरा कोरून झाला, तर धाकटी बहीण म्हणाली, "ताई, ही कोण गं?" मला रडूच आलं.

चूक मापाची होती. डोळे फार वर गेले होते. खराट्याची काडी चेहऱ्यासमोर उभी धरा, टाळूपासून हनुवटीपर्यंतच्या मापाची तोडा आणि मधोमध खूण करा. खूण डोळ्यांसमोर येते. केसांखालचं डोकं आपण मोजतच नाही, म्हणून डोळे वर चढतात. भुवई आणि हनुवटी यांच्या साधारण मध्यावर नाक संपतं. दोन डोळ्यांमध्ये एका डोळ्याएवढी जागा असते.

लाकूड शिवणीचं किंवा पांगाऱ्याचं घ्या, मऊ असतं. चौकोनी ठोकळ्याच्या सपाट बाजूवर नको, कोपऱ्यावर कोरा. कोपऱ्याची धार म्हणजे नाक. गाल आपोआप मागे जातात. आधी डोळ्यांच्या खोबणी, मग नाक, ओठ, आणि पापण्या शेवटी. नाकाला लाकूड जास्तच ठेवा, काढलेलं परत लावता येत नाही. ठोकळा शिकंज्यात आवळा, मांडीवर धरू नका. दोन्ही हात धारेच्या मागेच हवेत.

पहिला चेहरा बिघडला तरी टाकू नका. चूक त्यातच दिसते. माझा चौथा चेहरा पाहून बहीण काही बोलली नाही. पदराने त्याच्यावरचा भुसा पुसला आणि देवळीत ठेवला.