पंचवीस घरांचे तिकीट
(ज्ञातिसंघाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



गुणगौरव, हिशेबाचे वाचन आणि भोजन यांच्यामध्ये जो थोडा अवकाश उरतो तो व्याख्यानास देण्याची आपल्या संमेलनाची प्रथा आहे. वरणभाताचा सुवास येऊ लागला की वक्त्याने आवरते घ्यावे, हीही प्रथाच आहे, आणि आम्ही ती पाळू. आजचा विषय तत्त्वचर्चेचा नसून एका खेळाच्या आखणीचा आहे. येत्या वर्षभर आपल्या सभासद कुटुंबांनी केवळ स्त्रियांनी लिहिलेली पुस्तके वाचावीत, आणि ती हाउजीच्या धर्तीवर वाचावीत, अशी योजना वाचन समितीने केली आहे. तिचे स्वरूप आपणांपुढे ठेवावे, एवढेच काम आमच्याकडे आले आहे.

हाउजी हा खेळ कोणास नवा नाही. सहलीच्या बसमध्ये, हळदीकुंकवास, लग्नाच्या आदल्या रात्री तो खेळला जातो. आपल्या नेहमीच्या तिकिटास तीन आडव्या ओळी असतात. अमेरिकेत बिंगो या नावाने चालणाऱ्या प्रकारात मात्र पाच आडव्या व पाच उभ्या ओळींचे, म्हणजे पंचवीस घरांचे चौकोनी तिकीट असते. तिकडील वाचकांनी या घरांत अंकांऐवजी पुस्तकांचे प्रकार लिहिले आणि त्याचा वर्षभराचा वाचनखेळ केला. एका घरात ‘आत्मचरित्र’, दुसऱ्यात ‘अनुवाद’, तिसऱ्यात ‘आपल्या जन्मापूर्वी छापलेले पुस्तक’. त्या प्रकारातील एखादे पुस्तक वाचून झाले की घरावर फुली मारावयाची. पाच फुल्या एका सरळ रेषेत आल्या की ओळ झाली. परक्या देशाकडून आम्ही घेतले ते एवढेच. घरांत काय लिहावयाचे ते आपले आपण ठरविले आहे.

आता थोडे गणित. पाच आडव्या, पाच उभ्या व दोन तिरप्या मिळून बारा ओळी होतात. वर्षाचे महिनेही बारा, तेव्हा महिन्यास एक ओळ अशी वाटणी करण्याचा मोह प्रथम होतो. परंतु आपल्या घरांचे वर्ष असे सारखे वाटलेले नसते. एप्रिल व मे लग्नसराईत जातात. त्या दिवसांत पत्रिकेवाचून दुसरे काही वाचले जात नाही. गणपती-गौरी आणि दिवाळी यांचे आठवडे तसेच. उलट पावसाळ्यात वाडीची कामे थोडी सैल होतात आणि संध्याकाळी वीज गेली नाही तर वाचनास पुष्कळ वेळ मिळतो. बोईसरच्या कारखान्यांत पाळीने काम करणाऱ्यांचे वेळापत्रक निराळे, तारापूरच्या अणुशक्ती केंद्रातील कुटुंबांचे निराळे. 2013 साली डहाणूपर्यंत लोकल सुरू झाल्यापासून जे रोज चर्चगेटपर्यंत ये-जा करतात, त्यांच्या हाती तर येता-जाता चार तास असतात. त्यांतले निम्मे मोबाईल फोन गिळतो, हे त्यांनीच सांगावे. म्हणून महिन्याचे बंधन ठेवलेले नाही. वर्षभरात किमान एक ओळ पूर्ण करणाऱ्या कुटुंबाचे नाव पुढील स्मरणिकेत छापले जाईल. पंचवीसही घरे भरणाऱ्यांचा सत्कार पुढील संमेलनात, याच व्यासपीठावर होईल.

तिकीट कुटुंबाचे असेल, व्यक्तीचे नव्हे. आजोबांनी एक पुस्तक वाचावे, सुनेने दुसरे, शाळकरी नातीने तिसरे, फुल्या एकत्र. मात्र यास एक अट आहे, आणि समितीत सर्वांत अधिक वाद याच अटीवर झाला. कोणत्याही ओळीतील निदान दोन पुस्तके घरातील पुरुषांनी वाचलेली असली पाहिजेत. ती नसतील तर ओळ धरली जाणार नाही. अट घातली नसती तर काय झाले असते ते सांगावयास ज्योतिषी नको. स्त्रियांची पुस्तके, तेव्हा ती महिला मंडळाने वाचावीत, असे म्हणून आपण बंधुवर्ग निश्चिंतपणे पंगतीच्या व्यवस्थेकडे वळलो असतो.

‘स्त्रियांचीच पुस्तके का? चांगले पुस्तक कोणीही लिहिलेले असो,’ असा आक्षेप आला. तत्त्व म्हणून तो बरोबर आहे. परंतु आपल्या घरांत आजवर जी पुस्तके विकत घेतली गेली ती याच उदार तत्त्वाने घेतली गेली होती, आणि तरीही कपाटे उघडून पाहिली तर त्यांत ‘रुचिरा’ वगळता स्त्रीच्या हातचे काय सापडते, हे प्रत्येकाने पाहावे. साहित्यसंस्थांची गोष्टही फारशी निराळी नाही. मराठी साहित्य संमेलनाची परंपरा 1878 पासूनची. अध्यक्षपदी पहिली स्त्री, कुसुमावती देशपांडे, बसल्या त्या 1961 साली ग्वाल्हेरीस. पुढे दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे आणि 2025 साली दिल्लीस तारा भवाळकर. ते दिल्लीचे संमेलन अठ्ठ्याण्णवावे होते. इतक्या संमेलनांत सहा! तेव्हा एक वर्ष पारडे दुसऱ्या बाजूस झुकविले तर पुरुष ग्रंथकारांचे काही बुडेल असे आम्हांस वाटत नाही.

‘रुचिरा’चे नाव निघालेच आहे, तर सांगून टाकतो की स्वयंपाकाच्या पुस्तकास तिकिटावर एक स्वतंत्र घर दिले आहे. कमलाबाई ओगले यांचे हे 1970 सालचे पुस्तक मापांच्या नेमकेपणात कोणत्याही शास्त्रीय ग्रंथाच्या पंक्तीस बसेल. अट अशी की हे घर पुरुषाने भरावे, आणि निदान एक पदार्थ करून घरच्यांस वाढावा.

दुसरा प्रश्न अनुवादाचा होता. उमा कुलकर्णी यांनी भैरप्पांच्या कन्नड कादंबऱ्या मराठीत आणल्या. त्या धराव्यात काय? पुष्कळ चर्चेनंतर आम्ही नाही असे ठरविले. मूळ लेखन स्त्रीचे हवे. मात्र आशापूर्णा देवी, महाश्वेता देवी, अमृता प्रीतम यांची मराठीत आलेली पुस्तके जरूर चालतील, आणि बोईसरला शेजारी बंगाली वा पंजाबी कुटुंब असेल तर त्यांच्याशी या निमित्ताने दोन गोष्टी बोलताही येतील.

वरच्या ओळीत जुन्या काळची घरे आहेत. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे 1882 सालचे पुस्तक लहानसे आहे. दोन बैठकींत संपते, पण त्यातील भाषेचा तडाखा पुढे बरेच दिवस जाणवतो. ते जवळजवळ विस्मरणात गेले होते, स. गं. मालशे यांनी 1975 साली ते पुन्हा छापून काढले. रमाबाई रानडे यांच्या 1910 सालच्या आठवणींत, पती शिकवीत असता घरातीलच स्त्रियांचा रोष सोसून एक मुलगी कशी वाचावयास शिकली, ते आले आहे. टोपणनावाने लिहिलेल्या पुस्तकासही एक घर आहे. ‘कळ्यांचे निःश्वास’ 1933 साली विभावरी शिरूरकर या नावाने निघाले तेव्हा एवढे वादळ उठले की लेखिका कोण याचा शोध लोक करू लागले. शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित मुलींच्या मनात काय चालते एवढेच त्या कथांत होते. आपल्या वधूवर-सूचक मंडळाच्या सभासदांनी हे पुस्तक आवर्जून वाचावे, अशी आमची खासगी सूचना आहे.

उजवीकडील उभी ओळ आत्मकथनांची आहे. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमचं’, ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’, सुनीता देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ ही नावे सुचविली आहेत. प्रत्येक पुस्तकात निराळ्या वस्तीतले, निराळ्या जातीतले घर आहे. आपली संस्था एका ज्ञातीची असल्यामुळे दुसऱ्यांच्या घरात डोकावण्याचे प्रसंग आपणांस कमी येतात. या ओळीने ते यावेत.

परंतु ज्या ओळीविषयी आम्हांस मुख्यतः बोलावयाचे आहे ती मधली आडवी ओळ. ती आपल्या पालघर जिल्ह्यास दिली आहे. जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी झाला, पण येथील जीवनावर स्त्रियांनी लिहिलेले वाङ्मय त्याच्या किती तरी आधीचे आहे.

पहिले घर गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथाचे. 1970 साली तो निघाला आणि 1972 साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. 1945 पासून डहाणू, तलासरी, उंबरगाव या भागांत वारली बांधव वेठीविरुद्ध उभे राहिले त्याची ही हकीकत आहे. लग्नासाठी थोडे कर्ज काढलेला माणूस सावकाराच्या घरी बायकोसह वर्षानुवर्षे राबे आणि कर्ज फिटत नसे. त्यास लग्नगडी म्हणत. हे येथून उत्तरेस तासाभराच्या वाटेवर घडत होते. तेव्हा आपल्यापैकी ज्यांच्या वाड्या आणि भातशेती होत्या, त्यांच्याकडे कोण राबत होते, त्यांना मजुरी काय मिळे, हा प्रश्न पुस्तक वाचताना पडल्यावाचून राहणार नाही. समितीतील एका ज्येष्ठ सभासदांनी, पहिल्याच वर्षी हे पुस्तक नको, आनंदाच्या खेळात कडवटपणा कशास, असे सुचविले. त्यांचा मान राखून आम्ही पुस्तक तिकिटावर ठेवले आहे. खेळ आहे म्हणून त्यातली पुस्तके गोडच असावीत, असा नियम आम्हांस कोठे आढळला नाही. शिवाय त्या दिवसांची उत्तरे देऊ शकतील अशी माणसे आपल्यात आता थोडी उरली आहेत. नातवंडांनी हे पुस्तक हाती घेऊन त्यांच्यापाशी बसावे.

दुसरे घर अनुताई वाघ यांच्या ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या पुस्तकाचे. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य आलेली ही स्त्री 1945 साली ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीस आली. पुढे 1957 साली काम कोसबाडला गेले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांकडे न्यावी, या विचारातून अंगणवाडी आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. आज अंगणवाडी हा शब्द देशभर चालतो. तो आपल्या जिल्ह्याच्या मातीत वाढला, हे आपल्यातील किती अंगणवाडी सेविकांस ठाऊक आहे? चौथे घर कविता महाजन यांच्या ‘ब्र’ या 2005 सालच्या कादंबरीस दिले आहे. आदिवासी भागातील महिला सरपंचांचे तिच्यात आलेले अनुभव जव्हार-मोखाड्याकडे नोकरी केलेल्यांस ओळखीचे वाटतील. पाचवे घर मोकळे आहे. जिल्ह्यातील कोणत्याही लेखिकेचे पुस्तक त्यात बसेल.

राहिले तिसरे, म्हणजे तिकिटाच्या अगदी मध्यावरचे घर. परदेशी बिंगोत हे घर फुकट मिळते. त्यावर आरंभीच फुली असते. आम्ही ते सर्वांत महाग केले आहे. या घरासाठी छापलेले पुस्तक चालणार नाही. घरातील वा नात्यातील एखाद्या वृद्ध स्त्रीने सांगावे आणि दुसऱ्याने लिहून घ्यावे. निदान दहा पाने. बारा ओळींपैकी चार ओळी या मधल्या घरातून जातात. ज्यांना ते जमणार नाही त्यांना आठ ओळी मोकळ्या आहेतच, पण जिल्ह्याची ओळ त्याशिवाय पुरी होणार नाही आणि पूर्ण तिकीटही भरणार नाही.

हे सुचले ते संघाच्या जुन्या स्मरणिका चाळताना. देणगीदारांच्या याद्या आहेत, वसतिगृहाची हकीकत आहे, दिवंगत पुढाऱ्यांची छायाचित्रे आहेत. स्त्रियांची नावे आहेत ती बहुधा पतीच्या नावाआधी ‘सौ.’ या एका अक्षरात. ज्या आज्यांनी पहाटे पानांच्या करंड्या बांधल्या, विहिरीवर रहाट चालविले, अणुकेंद्र येण्यापूर्वीचे तारापूर आणि कारखान्यांपूर्वीचे बोईसर पाहिले, त्यांचा एक शब्द आपल्या कागदपत्रांत नाही. त्यांना लिहिता येत नव्हते, हे कारण पुरेसे नाही. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. मुलगा सोपानदेव आणि घरची मंडळी यांनी ओव्या-गाणी टिपून ठेवली, म्हणून 1952 साली, त्यांच्या निधनानंतर एका वर्षाने, ती पुस्तकरूपाने आली. लक्ष्मीबाई टिळकांस शाळा ठाऊक नव्हती. मुलाच्या आग्रहावरून त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली आणि 1934 पासून ती भागाभागाने निघाली. दोन्ही ठिकाणी घरात कोणीतरी कागद घेऊन बसले किंवा आग्रह करीत राहिले. आपल्याकडे कोणी बसले नाही.

आलेल्या हकीकतींतून निवडक भाग पुढील वर्षीच्या स्मरणिकेत, सांगणारीच्या स्वतःच्या नावाने, बोलीतच छापला जाईल. भाषा शुद्ध करण्याच्या उत्साहात कोणी ‘आमच्याकडं असं व्हतं’चे ‘आमच्याकडे असे होते’ करू नये, ही लेखनिकांस विनंती.

आता व्यवहाराचे थोडे. पुस्तक वाचल्याची परीक्षा घेतली जाणार नाही. वाचणाऱ्याने घरातल्या किंवा शेजारच्या एका माणसास त्यात काय आहे ते दहा मिनिटे सांगावे, आणि ऐकणाऱ्याने त्या घरात सही करावी. पुस्तकांसाठी पालघर, बोईसर आणि तारापूर येथे संघाचे एकेक कपाट ठेवले जाईल. तीन महिन्यांनी कपाटांतील पुस्तके आपसांत बदलतील. ताराबाई शिंदे, रमाबाई रानडे, लक्ष्मीबाई टिळक यांच्या लेखनावरील हक्कांची मुदत केव्हाच संपली आहे, तेव्हा ते मोबाईलवर उतरवून घेण्यास अडचण नाही. लोकलमधील मंडळींनी याची नोंद घ्यावी. घरी पडून असलेली पुस्तके कपाटांस देणाऱ्यांची नावे फलकावर लागतील, या वेळी प्रत्येकाचे वा प्रत्येकीचे स्वतःचे नाव.

खेळास आरंभ 3 जानेवारीस, सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीस होईल, आणि तो पुढील संमेलनाच्या आदल्या रविवारपर्यंत चालेल. तिकिटे दारापाशीच्या मेजावर ठेवली आहेत. प्रत्येक कुटुंबाने एकच घ्यावे आणि वहीत नाव लिहावे. वहीत कुटुंबप्रमुख या रकान्याखाली कोणाचे नाव लिहावयाचे ते घरी विचारून या, नाहीतर भोजनानंतर लिहा. मेज संध्याकाळी सहापर्यंत उघडे आहे.