विळ्याच्या आकाराची रक्तपेशी



विदर्भातून नोकरीनिमित्त दिल्लीत येणारी कुटुंबे भाषा आणतात, सणवार आणतात. आणि काही वेळा एक आजारही, ज्याचे नाव त्यांनाही ठाऊक नसते. डिसेंबरच्या थंडीत मुलाचे हातपाय असह्य दुखतात. घरी ते वाढत्या वयाचे दुखणे ठरते, वर्गात शाळा चुकवण्याचे निमित्त. अशा वारंवार उठणाऱ्या वेदनेमागे सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार असू शकतो.

पेशीतील प्रथिने परस्परांना चिकटून त्यांचे पुंजके झाले, की शरीराचे व्यवहार बिघडतात. अल्झायमर आणि पार्किन्सन या विकारांत मेंदूमध्ये असे पुंजके आढळतात. सिकलसेलमध्ये हीच गोष्ट रक्तातील हिमोग्लोबिनच्या बाबतीत घडते. हा रेणूचाच आजार आहे, हे लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवून दिले.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ ॲमिनो आम्ले असतात. त्यांपैकी केवळ सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. ऑक्सिजन सोडल्यानंतर या एका बदलामुळे एक रेणू शेजारच्या रेणूच्या खाचेत अडकतो, त्याला तिसरा, आणि पाहता पाहता पेशीत ताठ काड्या तयार होतात. गोल, लवचीक रक्तपेशी विळ्यासारखी वाकडी होते व सूक्ष्म वाहिन्यांत अडकते. तीच ती वेदना. निरोगी रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते. ही १० ते २० दिवसांतच नष्ट होते, म्हणून रक्तक्षय.

मध्य भारतातील या विकाराची नोंद शुक्ल व सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली होती. पुढे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत त्याचा अभ्यास केला. निष्कर्ष महत्त्वाचे होते. परंतु गावकऱ्यांना त्यांत फारसे स्वारस्य वाटले नाही, कारण त्यांच्या हाती उपाय पडला नव्हता. संशोधन लोकांच्या गरजेपासून सुरू व्हावे, हा धडा त्यातून बंग दांपत्याने घेतला. ज्ञान रुग्णाच्या दारी उपचार होऊन पोहोचले पाहिजे, हेच त्याचे सार.

उपचाराची वाट तान्ह्या बाळांनी दाखवली. १९४८ मध्ये अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांच्या लक्षात आले, की जन्मानंतरचे काही महिने हा आजार फारसा जाणवत नाही. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन त्या काड्या जुळू देत नाही. हायड्रॉक्सियुरिया हे औषध मोठेपणीही हेच हिमोग्लोबिन वाढवते. त्याने अनेकांच्या वेदनेचे झटके कमी होतात; मात्र ते वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे लागते.

पुढचे पाऊल दिल्लीतच पडले आहे. मथुरा रोडवरील सीएसआयआरच्या इन्स्टिट्यूट ऑफ जिनोमिक्स अँड इंटिग्रेटिव्ह बायॉलॉजी या संस्थेने सिकलसेलसाठी स्वदेशी जनुकसंपादन उपचारपद्धती विकसित केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ती जाहीर झाली. बिरसा मुंडा यांच्या स्मरणार्थ तिचे नाव ‘बिरसा १०१’ ठेवण्यात आले आणि तिचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात आले. मानवी चाचण्यांच्या कसोटीला उतरल्यावरच ती गडचिरोली-नंदुरबारच्या रुग्णापर्यंत पोहोचेल. पण दिशा निश्चित झाली आहे.

तोवर मोठे काम तपासणीचे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने ७ कोटी लोकांच्या तपासणीचे आणि २०४७ पर्यंत या आजाराच्या निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. हा केवळ आदिवासींचा आजार, ही समजूत चुकीची आहे; विदर्भातील इतर समाजांतही तो आढळतो. एका पालकाकडून सदोष जनुक मिळालेली व्यक्ती वाहक असते, बहुधा पूर्ण निरोगी. मात्र आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळ आजारी असण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून पत्रिका जुळवण्याआधी रक्त तपासावे. वाहक असणे हा कलंक नव्हे. आजारी मूल जन्माला आले म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या घराने ध्यानी घ्यावे, की सदोष जनुक दोघांकडून आलेले असते.

शाळेचे कर्तव्यही साधेच, पण मोलाचे. अशा मुलाला तासाला पाणी पिऊ द्यावे, थंडीत स्वेटरवर स्वेटर घालू द्यावा, उन्हात फार वेळ उभे करू नये, दमल्यावर बसू द्यावे. ताप, छातीत दुखणे किंवा धाप दिसताच विलंब न लावता रुग्णालयात न्यावे. आणि ते मूल ‘दुखते’ म्हणाले, तर प्रथम त्याच्यावर विश्वास ठेवावा. प्रयोगशाळेतील उपचार यायला अवधी लागेल. हा विश्वास आजच देता येतो.